दीर्घ ई

चार वाजले तसा मामांनी मामींचा डावा हात उशीवर घेतला, बाही वर सरकवली आणि खांद्यापासून सुरुवात केली. आधी खांदा, मग दंड, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. जागा खाली खाली उतरत जायची, दाबण्याची दिशा मात्र कायम वरची. पुढची गाडी हलल्याशिवाय मागचीला वाट मिळत नाही, असं बावीस वर्षांपूर्वी हे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतले नोड, म्हणजे लसिकांच्या बारीक गाठी, काढले, वरून किरणांचा शेक दिला, की हातात पाणी साचतं. ते वर चढायला कुरकुर करतं आणि रोज कुणीतरी समजूत घालून त्याला वाटेला लावावं लागतं. मामा रोज वीस मिनिटं ती समजूत घालत. लग्नाच्या पहिल्या तीस वर्षांत त्यांनी बायकोचा हात एकूण जितका वेळ धरला असेल, तेवढा इथे एका आठवड्यात भरून निघाला, असं मामींचं म्हणणं होतं.

"जरा बेताने," मामी म्हणाल्या. "हात आहे. टूथपेस्टची नळी नाही."

"सूज उतरायला हवी ना?"

"सूज उतरू दे. हात राहू दे."

तेवढ्यात घंटा वाजली आणि भाची आली. मामांनी ज्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं काढली, तिथेच ती आता डॉक्टर होती आणि सात महिन्यांपासून जुन्या वह्यांत डोकं घालून काहीतरी संशोधन करत होती. एरवी ती घरात शिरली की आधी बिस्किटांचा डबा उघडायची आणि मग माणसांशी बोलायची. आज सरळ माणसांकडे आली. मामींनी डब्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि "मी जरा पडते" म्हणून आतल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं नाही.

भाचीने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. पॅथॉलॉजीच्या लॅबमधल्या जुन्या वहीच्या छायाप्रती होत्या. एकेका ओळीत एकेक बाई: वय, ऑपरेशन, काखेत किती नोड सापडले, त्यातल्या किती नोडांत कॅन्सर पोचला होता. काही ओळींच्या कडेला लाल पेन्सिलीने एकच अक्षर काढलेलं होतं.

"मामा, हे 'ई' म्हणजे काय असेल?"

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "ईथर. दुसरं काय असणार?"

"इमर्जन्सी नसेल?"

"इमर्जन्सीचा इ ह्रस्व. हा बघ, इथे आहे एक, वेगळा. हा दीर्घ आहे. ईथर!" मामांचा आवाज दोन पायऱ्या वर चढला. "आणि त्या काळात ईथर म्हणजे मीच. बाकीच्यांनी कधीच सोडलं होतं."

ते खरं होतं. मामा भूल देणारे डॉक्टर. 'भूल' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो आपल्याला कधी लागू पडेल, असं त्यांना चौतीस वर्षांत वाटलं नव्हतं. नवी औषधं आली, नवी यंत्रं आली, हाताखालची मुलं भराभर नव्याकडे वळली. मामा ईथरला धरून राहिले. नवी औषधं माणसाला झोपेत ढकलतात, ईथर हाताला धरून नेतं, असं ते म्हणत. ईथरने पेशंटला उलट्या होत, खोलीभर वास राही, आणि ईथरच्या वाफेचं ठिणगीशी अजिबात जमत नसे. दोघं एका खोलीत आले तर खोलीच उरणार नाही. म्हणून मामांच्या टेबलावर सर्जनला रक्त थांबवायचं विजेचं यंत्र, ती डायथर्मी, वापरता येत नसे. एकेक रक्तवाहिनी दोऱ्याने बांधत बसावं लागे. "तुमच्यापायी मी शिंपी झालो," सर्जन म्हणत. मामा म्हणत, "शिंप्याचे पेशंट जागे होतात."

"सगळ्यांना ईथर," मामा भाचीला सांगत होते. "तुझ्या मामीलाही. घरच्या माणसाला स्वतः भूल द्यायची नाही हा आमचा नियम, म्हणून हाताखालच्या मुलाला उभं केलं. पण बजावून सांगितलं, ईथरच द्यायचं. स्वतः बाटली बाजूला काढून ठेवली."

भाचीने आणखी एक कागद पुढे सरकवला आणि त्याचा कोपरा बोटाने दाबून धरला.

"चारशे बारा बायका आहेत, मामा. सगळ्या स्तनाच्या कॅन्सरच्या. ज्यांच्यापुढे ई नाही, त्यांच्यात शंभरातल्या एकेचाळीस जणींच्या नोडपर्यंत कॅन्सर पोचलेला. ज्यांच्यापुढे ई आहे, त्यांच्यात अठ्ठावन्न."

मामांनी आकडे वाचले. मग पुन्हा वाचले.

"पण नोड तर त्याच ऑपरेशनात काढतात. तासाभरात पसरतो की काय?"

"त्या काळी दोनदा टेबलावर जायचं ना? आधी छातीतली गाठ काढून तपासायची आणि कॅन्सर निघाला तर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा, काखेसकट मोठं ऑपरेशन. मला वाटतंय, पहिल्या भुलीनंतर त्या आठवड्यांत काही झालं असेल, तर ते दुसऱ्या वेळी काखेत दिसेल." ती थांबली. "सहा आठवडे थोडे आहेत, मला कळतं. उंदरांवरचे प्रयोग आहेत, पण त्यांचे निकाल उलटसुलट. थिएटरची वही असती तर ताडून पाहिलं असतं, पण तिथली वही गळतीत भिजून लगदा झालीय. स्टोअरची वही आहे. त्या सहा वर्षांत ईथरच्या बाटल्या दुपटीने गेल्यात. सगळ्या तुझ्या सहीने."

"बाटल्या चोरीला जायच्या," मामा पुटपुटले. "म्हणून जास्त मागवायचो."

"शुक्रवारी मला हे आमच्या प्रमुखांना द्यायचंय. ते खूश आहेत. त्याआधी तुला सांगावं म्हटलं, कारण..." तिने बोट उचललं. बोटाखालच्या ओळीचा क्रमांक दोनशे सात होता. वय बावन्न. दोन नोडांत कॅन्सर. कडेला लाल, नीट वळणाचा, दीर्घ ई.

आतल्या खोलीतला पलंग करकरला. भाचीने कागद गोळा केले. जाताना तिने बिस्किटांच्या डब्यातून एक बिस्किट उचललं आणि न खाता हातातच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मामांनी हात उशीवर घेतला आणि मनगटापासून सुरुवात केली.

बावीस वर्षांत मनगटापासून सुरुवात पहिल्यांदाच होत होती. मामांची बोटं दंडापर्यंत गेली, परत फिरली आणि हात नुसता धरून बसली. तो हात उजव्यापेक्षा दीडपट जाड होता. त्याच्यासाठी मामींचे सगळे ब्लाउज एका बाजूने उसवून पुन्हा शिवलेले होते, आणि मनगटाला न मावणारी घड्याळं कपाटात नुसतीच चालत होती.

"संपली का वीस मिनिटं?"

"अं? नाही."

"मग काय, हाताला झोपवताय?"

जन्मभर लोकांना झोपवल्यावर आता या वाक्यावर मामांना हसू यायला हवं होतं.

"बोला आता," मामी म्हणाल्या. "काल दार उघडंच होतं. सगळं ऐकलंय मी. म्हटलं, बघू तरी, हे किती दिवस पोटात ठेवतात."

मामांनी मान वर केली.

"एक दिवस," मामींनी निकाल दिला. "एवढ्यात तोंड हे एवढंसं झालं. माझं बघा, बावीस वर्षं ठेवलंय."

"काय ठेवलंयस?"

मामी उठून बसल्या. सरळ उत्तर देणं त्यांना कधीच आवडत नसे. माणसाला वाटेत दोन-तीन ठिकाणी बसवल्याशिवाय त्या मुक्कामाला नेत नसत.

"माझ्या मांडीवरचा डाग कशाचा?"

"भाजल्याचा. पहिल्या ऑपरेशनाच्या वेळचा. नर्सने गरम पाण्याची पिशवी नीट गुंडाळली नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं."

"हो, झापलंत. बिचारी रडली. डाग पाहिलात का कधी नीट?"

"पाहिला की."

"डॉक्टर म्हणून?"

मामांना या प्रश्नाचा रोख कळेना.

"त्याला सरळ कड आहे," मामी म्हणाल्या. "आणि एक कोपरा. पिशवीला कोपरा असतो का हो?"

डायथर्मी लावायची तर पेशंटच्या मांडीखाली धातूची चौकोनी पट्टी ठेवावी लागते. वीज सुईतून शिरते आणि त्या पट्टीतून बाहेर पडते. पट्टी तिरकी बसली, तर नेमकं कोपऱ्याशी भाजतं. हे मामा विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. परीक्षेत विचारत आले होते.

"डायथर्मी?" त्यांचा आवाज बारीक झाला. "ईथर चालू असताना डायथर्मी?"

"ईथर कुठे होतं? तुमच्या हो-सरने दिलंच नाही."

हाताखालच्या त्या मुलाला थिएटरमध्ये सगळे हो-सर म्हणत, कारण मामांनी काहीही सांगितलं तरी त्याचं एकच उत्तर असे. आता तो समुद्रापलीकडे कुठेतरी मोठ्या विभागाचा प्रमुख होता आणि दर नव्या वर्षाला त्याचं शुभेच्छापत्र येई. मामींच्या नावाने. मामा म्हणत, शिष्टाचार आहे मुलाला.

"तुम्हाला 'हो सर' म्हणाला आणि आत जाऊन नवं औषध दिलं. सर्जनने हुश्श केलं आणि यंत्र लावलं. दोन्ही वेळा. पहिल्या ऑपरेशनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खाटेशी येऊन उभा. रडायचाच बाकी. म्हणाला, बाई, सरांना सांगू नका, ते मला उभा चिरतील. मी म्हटलं, नाही सांगत."

"आणि तू बावीस वर्षं..."

"तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, 'हिलासुद्धा ईथरच दिलं, बघा कशी ठणठणीत आहे.' मी चहा ओतत असायचे. केवढी करमणूक! ती कोण हातची घालवेल?"

मामा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "माझ्या थिएटरमध्ये! मी स्पष्ट सांगितलं असताना! त्या गाढवाला मी..." वाक्य अर्ध्यात थांबलं. ते पलंगाच्या कडेवर बसले. मग खाली वाकले आणि कोपर गुडघ्यांवर टेकून, बराच वेळ दाबून धरलेला श्वास सोडल्यासारखे नुसते बसून राहिले. पाठ हलत होती.

आधी राग आला, मग सुटका झाली. हा क्रम मामींच्या नजरेतून सुटला नाही. पण त्यांनी उजवा, चांगला हात त्या पाठीवर ठेवला आणि क्रमाबद्दल काही काढलं नाही.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "मग तुझ्या ओळीपुढे ई कसा?"

"ते मला काय विचारता? शिकलेले तुम्ही."

शुक्रवारला अजून दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि भाची पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये पोचले. वाटेत भाचीने दोनदा विचारलं, "पण मामीला नक्की आठवतंय ना?" आणि मामा दोन्ही वेळा म्हणाले, "कोपरा आहे. मी मोजपट्टी लावून पाहिला."

लॅब तळमजल्यावर, लांबट खोलीत. फॉर्मलिनचा वास दाराबाहेरच माणसाला गाठायचा. कट्ट्यावर स्टीलचे ट्रे, पांढऱ्या झाकणांच्या बरण्या, वाफ ओढून घेणारं काचेचं कपाट. आणि या सगळ्याच्या मध्ये उंच स्टुलावर बसलेल्या गाळणीबाई. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. त्यांच्या नजरेतून काही निसटत नाही, म्हणून कुणीतरी नाव पाडलं. त्यांना ते आवडलं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. नव्या मुलींना हे त्या रोज सांगत; त्यात धमकी किती आणि दिलासा किती, ते मुलींना कळत नसे.

"या डॉक्टर," त्या म्हणाल्या. "अजून हिंडताफिरताय म्हणजे स्वतःवर प्रयोग केलेला दिसत नाही."

मामांनी टोमणा गिळला. भाचीने छायाप्रत पुढे केली. "बाई, हा लाल ई कुणाचा?"

"माझा."

"ईथरचा?"

"मग काय उंदराचा? उंदराचा उ असतो."

भाचीने मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा पुन्हा उतरू लागला.

"म्हणजे पेशंटला कोणती भूल दिली, ते तुम्ही चिठ्ठीवरून उतरवून घेत होतात?" भाचीने विचारलं.

"भूल?" गाळणीबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पेशंटला काय दिलं त्याच्याशी मला काय करायचंय? माझ्याकडे पेशंट येत नाही. चरबी येते."

त्या स्टुलावरून उतरल्या आणि एका ट्रेवरचं झाकण काढलं. आत पिवळट, मुठीएवढा गोळा होता.

"ही काख. यातून नोड शोधायचे. वाटाण्याएवढे असतात ते सापडतात. बारीक असतात ते चरबीत दडून बसतात. आम्ही काय करतो? पातळ चकत्या करायच्या आणि चिमटीत धरून चाचपायच्या. बोटाला लागलं तर नोड, नाही लागलं तर चरबी." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली. "अशाने पाच सापडतात, सहा सापडतात. पंचविशीतली बोटं असतील तर आठ. तेव्हा इथे एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी शिकवलं, की ईथर, स्पिरिट आणि दोन-तीन गोष्टींच्या मिश्रणात ही चरबी भिजत घाला. ईथर चरबी खातं. दुसऱ्या दिवशी बघावं तर गोळा काचेसारखा, आणि आत नोड पांढरेफटक. मोहरीएवढे! हात लावायचीसुद्धा गरज नाही, नुसते मोजून घ्यायचे. सहाचे अठरा, वीस व्हायचे. तसं केलं की मी वहीत ई काढायचे. दीर्घ. कुणी इमर्जन्सी समजू नये म्हणून."

भाचीने जवळचं स्टूल ओढलं आणि बसली.

"म्हणजे ई नाही तिथे सहाच नोड पाहिले," ती सावकाश म्हणाली, "आणि ई आहे तिथे वीस."

"जास्त शोधलं तर जास्त सापडतं. माझ्या नातीलासुद्धा कळतं, तिच्या कपाटात मोजे शोधताना. ईथरने कॅन्सर पसरवला नाही गं. पसरलेला होता, तो दाखवला."

"सात महिने," भाची म्हणाली.

"आकडा खोटा नाहीये तुझा. वाचलास उलट्या बाजूने, एवढंच."

"पण हे रिपोर्टात कुठेच लिहिलेलं नाही!"

"रिपोर्टात निकाल लिहितात. रीत कोण लिहितं? आणि लिहिणार कशी? स्टोअरने कळवलं होतं, ईथर फक्त भुलीसाठी, लॅबला मिळणार नाही. मॅडम म्हणाल्या, मग जाऊ दे. मी नाही जाऊ दिलं."

मामा इतका वेळ त्या पिवळट गोळ्याकडे बघत होते. आता त्यांनी हळूच मान वळवली.

"मग तुम्हाला ईथर मिळत कुठून होतं?"

गाळणीबाई पहिल्यांदाच थोड्या अडखळल्या. मग त्यांनी पदर सारखा केला.

"तुमच्याकडून."

"मी कधी दिलं?"

"दिलं कुठे म्हणतेय मी?"

"सहा वर्षं!" मामांनी कट्ट्यावर हात आपटला, एक बरणी किणकिणली. "सहा वर्षं मी थिएटरातल्या त्या मिशीवाल्या शिपायाला चोर म्हणत होतो!"

"तो चोर होताच. माझ्यासाठी होता. बाटली हाती लागली की ई, नाही लागली की चिमूट. म्हणून सगळ्या ओळींपुढे ई नाही. तुम्ही निवृत्त झालात आणि माझं ईथर संपलं. तुमच्या निरोपसमारंभात सगळ्यांत जास्त वाईट मला वाटलं होतं, डॉक्टर. तुम्हाला वाटलं, ही का एवढी रडतेय."

भाचीला हसू फुटलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. मामा रागावायच्या तयारीत उभे होते, पण राग कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तोही गिळला.

"दोनशे सात," ते म्हणाले. "ती ओळ बघायची आहे."

गाळणीबाईंनी खणातून स्वतःची छोटी वही काढली. ही हॉस्पिटलची नव्हती, त्यांची होती, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेली. ईच्या प्रत्येक ओळीला यात दोन आकडे होते, भिजवण्याआधीचा आणि नंतरचा. बोट ओळींवरून खाली उतरलं आणि थांबलं.

"चिमटीने सहा. सहाही साफ. ईथरनंतर एकोणीस. नव्या तेरांपैकी दोनांत कॅन्सर." त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. "'मोहरीहून बारीक,' असं लिहिलंय मी. ही कोण, ओळखीची होती का?"

मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ई नसता तर?"

"तर सहा. सहाही साफ. रिपोर्ट साफ, पेशंट घरी. पुढचे शेक, औषधं, काही नाही." गाळणीबाईंनी वही मिटायला घेतली, मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तशीच उघडी ठेवली. "आहे ना ती?" त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं.

"आहे," भाची म्हणाली. "परवा मला म्हणाली, केस कापून घे, झाडू दिसतेयस."

"मग झालं तर."

मामांना बसायला जागा हवी होती. कट्ट्याच्या टोकाशी एक स्टूल होतं, तिकडे ते गेले. स्टुलासमोर, बरण्यांच्या ओळीत, तपकिरी काचेची एक बाटली होती. तिच्यात आठ-दहा लाल पेन्सिली खोचलेल्या. लेबल पिवळं पडलं होतं आणि त्यावरची शाई उडत चालली होती, पण अक्षर वाचता येत होतं. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'हात लावू नये,' असं लिहिलं होतं. खाली दोन जाड रेघा. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

"ही?"

"हीसुद्धा तुमचीच. मिशीवाल्याने आणली तेव्हा म्हणाला, डॉक्टरांनी घरच्या पेशंटसाठी काढून ठेवली होती, दोन्ही वेळा कुणी हात लावला नाही, पडून होती. सील तसंच होतं. मी आल्याबरोबर फोडली, पहिली काख दिसली तिला वापरली. तुमचं अक्षर बघून हसले आणि बाटली ठेवून घेतली." त्या थांबल्या. त्यांच्या नजरेतून काही निसटत नाही, हे खोटं नव्हतं. त्यांनी वहीतल्या दोनशे सातच्या ओळीची तारीख पाहिली, मग बाटलीकडे पाहिलं, मग मामांकडे. मग वळून त्यांनी ट्रेवर झाकण ठेवलं.

भाची वहीची पानं उलटत होती. तिच्या गालांना रंग आला होता. "बाई, ही वही मला द्याल? सगळं नव्याने मांडते. शुक्रवार गेला खड्ड्यात. यात तुमचं नाव घालते मी."

"घाल. पण नीट घाल. आमच्या आडनावातला दुसरा ऊ दीर्घ आहे, पगाराच्या चिठ्ठीवरसुद्धा तीस वर्षं चुकीचा येतोय."

मामा निघाले तेव्हा गाळणीबाईंनी पेन्सिली काढून कट्ट्यावर ठेवल्या, बाटली पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. मामांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत कट्ट्यावर ठेवली. पेन्सिली एकेक करून त्यांनीच पुन्हा आत खोचल्या.

"असू द्या," ते म्हणाले. "कामात आहे."

चार वाजता मामांनी हात उशीवर घेतला आणि खांद्यापासून सुरुवात केली. भाची बाहेर टेबलावर बसून खाकी वहीतले आकडे संगणकात घालत होती. शेजारी बिस्किटांचा डबा उघडा होता आणि निम्म्याहून खाली गेला होता.

"काय निघालं मग?" मामींनी विचारलं.

"माझी एक बाटली चोरीला गेली होती. बावीस वर्षांपूर्वी. तुझ्यासाठी बाजूला काढलेली."

"अगं बाई! आणि?"

"सापडली."

"भरलेली?"

"रिकामी."

मामींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मामा दंडावर आले होते. बोटं सावकाश, एकसारखी वर जात होती.

"त्या हो-सरचा पत्ता दे," ते म्हणाले. "पत्र लिहायचंय."

"रागावायला?"

"आधी रागावेन."

कोपर झालं, मनगट झालं, एकेक बोट झालं. बाहेर भाची स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. 'सहाचे एकोणीस' एवढं आत ऐकू आलं.

"कुणी प्यायलं का काय ते ईथर?" मामी म्हणाल्या. "कामी तरी आलं का कुणाच्या?"

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी उशी नीट केली, हात पुन्हा तिच्यावर घेतला आणि परत खांद्यापासून सुरुवात केली. जरा जोरातच. टूथपेस्टची आठवण मामींनी आज काढली नाही.